जुन्या जीपची ऑफ-रोड बांधणी

वय झालेली फोर-बाय-फोर (चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी) गाडी दुरुस्त करून, आणि गरजेपुरती बदलून, खडक, चिखल, ओढे व वाळू यांतून चालण्याजोगी करण्याचे काम. हौशी मंडळी याला ‘बिल्ड’ म्हणतात. भारतात हे काम मुख्यतः तीन गाड्यांवर होते : महिंद्राच्या जुन्या जीप, १९८५ मध्ये आलेली मारुती जिप्सी आणि लष्करी लिलावातून बाहेर पडलेली, जबलपूरच्या कारखान्यात बनलेली जोंगा. या नोंदीचा भर महिंद्रा जीपवर आहे. महाराष्ट्रात ती सहज मिळते आणि पाना-हातोडी एवढ्यावर उघडता येते.

अमेरिकेच्या विलीज कंपनीची जीप सुट्या भागांतून जोडण्याचे काम महिंद्राने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला सुरू केले. पुढे सीजे-३बी हे मॉडेल इथेच तयार होऊ लागले. अमेरिकेत ते १९६८ मध्ये बंद पडले. इथे मात्र त्याचा सांगाडा पुढे कित्येक वर्षे चालला. पेट्रोल इंजिनाच्या जागी प्यूजो घराण्याचे डिझेल आले, ८० इंची व्हीलबेसच्या (पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराच्या) जोडीला ९१ इंची आला, एमएम ५४० आणि ५५० आल्या. सातारा-कोल्हापूरकडे वडापला, म्हणजे माणशी भाड्याच्या प्रवासी वाहतुकीला, धावलेल्या कित्येक जीपही याच गोतावळ्यातल्या. त्यामुळे तालुक्याच्या गावातला जुना मिस्त्री ही गाडी अजून ओळखतो आणि कुर्ल्यात किंवा पुण्याच्या नाना पेठेत शोधले तर सुटे भाग सापडतात. एक सावधगिरी मात्र हवी : जीप दिसली म्हणजे ती फोर-बाय-फोर असतेच असे नाही. वडापच्या बऱ्याच गाड्यांना पुढे नुसता दांडा असतो, डिफरन्शियल (जोर दोन चाकांत वाटणारी गिअरांची जोडणी) नसते. सौदा करण्याआधी वाकून पाहावे.

गाडीची रचना साधी आहे. शिडीसारखी चॅसी, चारही टोकांना कमानीचे पाटे, पुढे-मागे अखंड ॲक्सल. गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्स्फर केस, म्हणजे जोर पुढच्या-मागच्या ॲक्सलकडे पाठवणारी पेटी, असते आणि तिला दोन छोटे दांडे : एक पुढची चाके जोडणारा, दुसरा ‘लो’ (वेग कमी, ताकद जास्त) टाकणारा. मूळ विलीज सीजे-३बीत पहिला गिअर २.८, लो २.४६ आणि ॲक्सल ५.३८ पट ताकद देतो. तिन्हींचा गुणाकार सुमारे ३७ येतो. इंजिन एवढे फिरले की चाक एकदा फिरते. रांगण्याची ही ताकद आणि जेमतेम टनभर वजन, हे या गाडीचे खरे भांडवल. बांधणी करताना बहुतेक जण नेमके हेच उधळतात. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या मधे डिफरन्शियल नसल्यामुळे डांबरी रस्त्यावर पुढची चाके जोडून वळणे घेतली तर दोन्ही ॲक्सलमध्ये पीळ साठतो आणि पुढची चाके जोडणारा दांडा निघता निघत नाही. तेव्हा तो ओढत बसू नये. चार-पाच फूट रिव्हर्स घेतले की आपोआप सुटतो.

दुरुस्ती आधी आणि बदल नंतर, हा क्रम नवखे लोक उलटा करतात. पहिली तपासणी चॅसीची. ती आतून गंजते, विशेषतः कोकणातल्या गाड्यांत, आणि वरचा ताजा काळा रंग ते झाकतो. हातोडीने टप्प्याटप्प्याने ठोकत जावे : लोखंड शाबूत असेल तिथे आवाज खणखणीत येतो, आतून खाल्लेले असेल तिथे बद्द. पाट्यांची ब्रॅकेटे जिथे बसतात ती जागा बद्द वाजली, तर बाकी गाडी कितीही देखणी असली तरी सौदा सोडावा.

दुसरी तपासणी स्टिअरिंगची. ताशी पन्नास-साठच्या वेगात एखादा खड्डा लागला की जुन्या जीपची पुढची चाके अचानक थडथडू लागतात आणि स्टिअरिंग हातात नाचते. गॅरेजमध्ये यावर हमखास सांगितला जाणारा इलाज म्हणजे स्टिअरिंग डँपर, हादरे शोषणारी नळी. तो आवाज दाबतो, दुखणे तसेच ठेवतो. पुढचे चाक जॅकवर उचलावे, एक हात वर आणि एक खाली धरून हलवावे. चाकाचे बेअरिंग कसूनही खेळ उरला तर किंगपिनची (ज्या खिळीवर चाक वळते तिची) बेअरिंगे गेलेली असतात. त्यांच्या टोपीखालच्या कागदासारख्या पातळ शिम कमी-जास्त करून ताण बसवावा लागतो. मग एकाने स्टिअरिंग थोडे थोडे डावी-उजवीकडे हलवायचे आणि दुसऱ्याने गाडीखाली झोपून बेलक्रँक पाहायचा. स्टिअरिंग बॉक्समधून आलेला दांडा या पुढच्या आडव्या पट्टीवरच्या तुकड्याला जोडलेला असतो आणि तिथून जोर दोन्ही चाकांकडे जातो. त्याचे बुश झिजले की टायर नवे, बेअरिंग नवे, तरी गाडी रस्ताभर भटकते. लेथवर नवे बुश पाडून घेणे हे या गाडीवरचे बहुधा सर्वांत फायद्याचे काम आहे. त्याचा फोटो मात्र कोणी काढत नाही.

फोटो निघतो तो उंचीचा. मूळ रचनेत पाटे ॲक्सलच्या खाली बांधलेले असतात. ते वर घेतले की ॲक्सलच्या नळीची जाडी अधिक पाट्यांच्या थराची जाडी, म्हणजे साधारण पाच इंच, गाडी उंच होते. खर्च कमी, दिसते झकास. पण मग ॲक्सलपर्यंत जोर नेणारा प्रोपेलर शाफ्ट तिरका होऊन त्याच्या सांध्यांतले क्रॉस झिजू लागतात, म्हणून पिनियनचा (शाफ्ट ॲक्सलमध्ये शिरतो तिथल्या गिअरचा) कोन बदलावा लागतो. ब्रेकचे पाइप अपुरे पडतात. स्टिअरिंगचा दांडा तिरका झाल्याने खड्ड्यात चाक स्वतःहून वळते. जोर दिला की पाटे पिळवटतात. शिवाय डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर मुळात चार फुटांच्या आसपास असलेली ही गाडी आडव्या उतारावर कलंडायला सोपी होते. दीड-दोन इंच उंच कमान, पाट्यांत ग्रीस आणि मोकळे शॅकल (पाट्याचे टोक चॅसीला जोडणारी झुलती कडी) एवढ्यावर सह्याद्रीतल्या बहुतेक वाटा निघतात.

टायरचे गणित असेच. सुमारे २८ इंची मूळ टायर काढून ३१ इंची लावला की वरचा ३७ चा आकडा ३३ वर येतो आणि क्लच प्लेट लवकर जळते. म्हणजे टायरसोबत क्राउन-पिनियनचा, म्हणजे ॲक्सलमधल्या गिअरजोडीचा, खर्चही धरावा लागतो. फुकटचा उपाय हवेचा आहे. रस्त्यावरची तीस पौंड हवा चिखल-वाळूत पंधरा-अठरावर आणली की टायर पसरून पकड धरतो. परत भरायचा पंप मात्र गाडीत हवा.

साध्या डिफरन्शियलमुळे एक पुढचे आणि तिरक्या कोपऱ्यातले एक मागचे चाक हवेत गेले की तीच दोन गरागरा फिरतात आणि गाडी जागेवर. यावर खरा उपाय मागच्या ॲक्सलला लॉकर, म्हणजे दोन्ही चाके एकत्र फिरवणारी जोडणी. स्वस्तातला उपाय आतले गिअर वेल्डिंगने चिकटवून टाकण्याचा. त्याने डांबरी वळणांवर टायर घासतात आणि कधीतरी ॲक्सल तुटतो. याच डिफरन्शियलचा एक धोका हँडब्रेकशी जोडलेला आहे. मूळ जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्स्फर केसमागे प्रोपेलर शाफ्टवर असतो. मागचे एक चाक जॅकवर उचलले की तो कुचकामी ठरतो आणि गाडी घरंगळू शकते. म्हणून चाकांना दगड लावल्याशिवाय जॅक लावू नये.

पाण्यात इंजिनापेक्षा ॲक्सलचे नुकसान गुपचूप होते. तापलेले हाउसिंग (ॲक्सलचे कवच) थंड ओढ्यात उतरले की आतली हवा आकसते आणि श्वासनळीतून पाणी ओढले जाते. आठवड्याने तळाचा बोल्ट सैल केला की ऑइलऐवजी ताकासारखे काहीतरी गळते. ती नळी रबरी पाइपने बॉनेटच्या उंचीपर्यंत नेणे हे तासाभराचे काम आहे. ड्रम ब्रेक ओले झाले की पकडत नाहीत. बाहेर आल्यावर ब्रेकवर हलका पाय ठेवून थोडे अंतर चालवून ते वाळवतात.

विंच (अडकलेली गाडी तारेने ओढणारा रहाट) गाडीच्या वजनाच्या निदान दीडपट क्षमतेची घ्यावी आणि तारेवर ओले पोते टाकावे, कारण तुटलेली तार चाबकासारखी येते. रोल केज (गाडी उलटली तर माणसांना वाचवणारा नळ्यांचा सांगाडा) चॅसीला बांधलेला असला तरच उपयोगाचा.

कायद्याची बाजू अडचणीची आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या आणि आरसी बुकात नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच बाब अधोरेखित केली. बुलबारविरुद्ध (बंपरपुढे लावलेल्या लोखंडी दांड्यांविरुद्ध) कारवाई करण्याबाबत केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवले होते. पंधरा वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण लागते, महाराष्ट्रात सोबत पर्यावरण करही. त्यामुळे फार बदललेल्या गाड्या रस्त्यावर न चालवता ट्रेलरवर लादून स्पर्धेच्या जागी नेतात. गोव्यात २०१४ पासून ऐन पावसाळ्यात भरणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजला तशा बऱ्याच दिसतात. ज्यांच्याकडे ट्रेलर नाही ते मूळचे बंपर, टायर आणि पाटे पोत्यात बांधून माळ्यावर जपून ठेवतात आणि पासिंगच्या आदल्या रात्री मिस्त्रीला बोलावतात.