मासिया, फ्रान्सेस्क

मासिया, फ्रान्सेस्क : (२१ सप्टेंबर १८५९–२५ डिसेंबर १९३३). स्पेनच्या ईशान्येकडील कॅटलोनिया प्रदेशाच्या स्वातंत्र्यवादी चळवळीचा नेता व १९३१ मध्ये पुन्हा स्थापन झालेल्या प्रादेशिक शासनाचा (जनरलितात) पहिला अध्यक्ष. बार्सेलोनाच्या नैर्ऋत्येस असलेल्या व्हिलानोव्हा इ ला जेल्ट्रू या किनारी गावी जन्म. लष्करी अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन तो लेफ्टनंट कर्नलच्या हुद्द्यापर्यंत पोहोचला. नोव्हेंबर १९०५ मध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी बार्सेलोनातील ‘कु-कुत’ या व्यंग्यसाप्ताहिकाच्या कचेरीवर हल्ला केला. त्यानंतर लष्कराची अप्रतिष्ठा हा लष्करी न्यायालयाच्या कक्षेतील गुन्हा ठरविणारा कायदा १९०६ मध्ये झाला. या कायद्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या सर्वपक्षीय कॅटलन आघाडीतर्फे मासिया १९०७ मध्ये स्पेनच्या संसदेवर निवडून आला. स्वायत्ततेच्या मागणीकडून तो स्वातंत्र्याकडे नेमका केव्हा वळला, याविषयी मतभेद आहेत. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस हा बदल झाला असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. जुलै १९२२ मध्ये त्याने ‘एस्तात कताला’ (कॅटलन राज्य) ही संघटना स्थापन केली.

सप्टेंबर १९२३ मध्ये जनरल प्रीमो दे रिव्हेराने स्पेनची सत्ता बळकावल्यावर मासिया फ्रान्सला गेला. सशस्त्र उठावासाठी त्याने कर्जरोखे काढले आणि १९२५ मध्ये मदतीच्या शोधात मॉस्कोचीही वारी केली. तेथून हाती काही लागले नाही. नोव्हेंबर १९२६ मध्ये पिरेनीजमधील प्रात्स द मोयो येथून कॅटलोनियात शिरण्याचा बेत फ्रेंच पोलिसांनी उधळला. कटाची माहिती मुसोलिनीच्या हस्तकाकडून, प्रसिद्ध गॅरिबाल्डीचा नातू रिचोत्ती याच्याकडून, फुटली होती. लष्करी दृष्ट्या हा बेत पूर्णतः फसला; पण जानेवारी १९२७ मध्ये पॅरिसच्या न्यायालयात चाललेल्या खटल्याने कॅटलोनियाचा प्रश्न युरोपीय वृत्तपत्रांत आणला. खटल्यात झालेली दोन महिन्यांची शिक्षा त्याने आधीच भोगलेली होती. पुढे तो बेल्जियमला गेला. १९२८ मध्ये लॅटिन अमेरिकेच्या दौऱ्यात हव्हाना येथे स्थलांतरित कॅटलनांच्या सभेने भावी प्रजासत्ताकाची हंगामी घटना संमत केली.

फेब्रुवारी १९३१ मध्ये तो मायदेशी परतला. मार्चमध्ये एस्तात कताला व अन्य डाव्या गटांच्या एकीकरणातून ‘एस्केरा रेपुब्लिकाना’ हा पक्ष जन्मला आणि जेमतेम महिनाभरात, १२ एप्रिलच्या नगरपालिका निवडणुकीत, त्याने बार्सेलोना जिंकले. १४ एप्रिलला दुपारी पक्षाचा सहनेता लुईस कोम्पान्य्स याने नगरभवनाच्या सज्जातून राजेशाहीऐवजी प्रजासत्ताकाची घोषणा केली. पाठोपाठ मासियाने स्वतंत्र घोषणा केली.

या घोषणेच्या शब्दांवर बराच वाद आहे. नगरभवनातून त्याने कॅटलन राज्य जाहीर केले व ते इबेरियन (स्पेन-पोर्तुगालच्या द्वीपकल्पातील) प्रजासत्ताकांच्या संघात सामील करण्याचा प्रयत्न होईल, असे म्हटले. नंतर समोरच्या प्रांतिक मंडळाच्या वाड्यात सही केलेल्या मजकुरात ‘कॅटलन प्रजासत्ताकाच्या राजवटीखालील कॅटलन राज्य’ असून स्पेनच्या इतर लोकसमूहांना इबेरियन महासंघ घडविण्यासाठी सहकार्याचे आवाहन आहे. तिसऱ्या पाठात ‘इबेरियन संघाचे घटक राज्य म्हणून कॅटलन प्रजासत्ताक’ असा उल्लेख आहे. काही अभ्यासक यात माद्रिदच्या दडपणाखाली घेतलेली पायरीपायरीची माघार पाहतात. मात्र संघाची कल्पना पहिल्याच मजकुरात आहे, हे लक्षात घेता त्याला संपूर्ण विभक्तीपेक्षा बरोबरीच्या नात्याने केलेला करार अभिप्रेत होता, हा अर्थ अधिक सुसंगत ठरतो. अडचण अशी, की असा करार करणारी दुसरी इबेरियन प्रजासत्ताके अस्तित्वातच नव्हती.

१७ एप्रिलला मार्सेलिनो दोमिंगो, निकोलाउ दोल्वेर आणि फेर्नांदो दे लोस रिओस हे माद्रिदमधील नव्या प्रजासत्ताक सरकारचे तीन मंत्री विमानाने बार्सेलोनात आले. प्रजासत्ताकवादी पक्षांमध्ये ऑगस्ट १९३० मध्ये झालेल्या सान सेबास्तियान समझोत्यानुसार स्वायत्ततेचा मसुदा संसदेपुढे जायला हवा, हा त्यांचा मुद्दा होता. ‘प्रजासत्ताक’ हा शब्द सोडून, अठराव्या शतकाच्या आरंभी बूर्बाँ राजवटीने मोडीत काढलेल्या ‘जनरलितात’ या मध्ययुगीन संस्थेचे नाव घेण्याचे ठरले. ही सूचना कोणी दे लोस रिओसची मानतात, कोणी निकोलाउची.

पिरेनीजमधील नूरिया येथे तयार झालेल्या मसुद्यावर २ ऑगस्ट १९३१ रोजी सार्वमत घेण्यात आले. सुमारे तीनचतुर्थांश मतदारांनी भाग घेतला व जवळजवळ सर्वांनी होकार दिला. स्त्रियांना मताधिकार नव्हता. त्यांनी लाखोंच्या संख्येने पाठिंब्याच्या सह्या दिल्या. मसुद्यात कॅटलोनियाला ‘स्पॅनिश प्रजासत्ताकातील स्वायत्त राज्य’ म्हटले होते. ९ सप्टेंबर १९३२ रोजी संसदेने ३१४ विरुद्ध २४ मतांनी संमत केलेल्या कायद्यात ते ‘स्वायत्त प्रदेश’ झाले. पंतप्रधान मान्वेल आसान्याचे पाठबळ आणि ऑगस्टमधील जनरल सान्हुर्होचा प्रजासत्ताकाविरुद्धचा फसलेला उठाव यांमुळे रेंगाळलेली चर्चा मार्गी लागली.

नोव्हेंबर १९३२ च्या निवडणुकीत एस्केराला बहुमत मिळाले व १४ डिसेंबरला नव्या प्रादेशिक संसदेने मासियाला अध्यक्ष निवडले. प्रत्येक कुटुंबाला लहानसे घर व परसबाग मिळावी, ही त्याची घोषणा लोकप्रिय होती. लोक त्याला ‘आजोबा’ म्हणत. प्रत्यक्ष कारभाराला जेमतेम वर्ष मिळाले. त्याला १२२ वा अध्यक्ष म्हणणारी प्रचलित क्रमवारी १३५९ पासूनच्या मध्ययुगीन जनरलितातच्या प्रमुखांना धरून केलेली आहे. जुनी संस्था करवसुलीसाठी निर्माण झालेली असल्याने हे सातत्य सर्वांना मान्य नाही.

बार्सेलोना येथे नाताळच्या दिवशी त्याचे निधन झाले. त्याच्यामागून अध्यक्ष झालेल्या कोम्पान्य्सने ६ ऑक्टोबर १९३४ रोजी ‘स्पॅनिश संघीय प्रजासत्ताकातील कॅटलन राज्य’ जाहीर केले. लष्कराने ते दुसऱ्याच दिवशी मोडले आणि स्वायत्ततेचा कायदा स्थगित झाला.