मित्राचं दुखणं आणि मित्राची दारू

दारूनं दुखणं कमी होतं, हे प्रयोगांतून दिसलेलं आहे. २०१७ साली अशा १८ प्रयोगांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. निरोगी माणसांना मोजून दारू द्यायची, मग बर्फाचं पाणी किंवा चटका अशी सोसवेल इतपत वेदना द्यायची आणि किती दुखतंय ते विचारायचं, असं या प्रयोगांचं साधारण स्वरूप. रक्तात १०० मिलिलिटरमागे ८० मिलिग्रॅम अल्कोहोल असताना वेदना बरीच उतरते, असं त्यात आढळलं. आपल्या कायद्यात गाडी चालवणाऱ्यासाठी मर्यादा आहे ३० मिलिग्रॅमची. दुखणं बधिर करणारी मात्रा त्याच्या अडीचपटीहून जास्त.

म्हणून वर्षानुवर्षं कंबर धरलेला मित्र जेव्हा म्हणतो, "घेतल्याशिवाय पाठ टेकवत नाही रे," तेव्हा तो बहाणा करत नसतो. त्याला मदत करायची तर आधी हे वाक्य खरं मानायला हवं. बहुतेक घरांत आणि मित्रांच्या कट्ट्यावर नेमकं उलटं होतं. दारू दिसली की दुखणं खोटं ठरतं, आणि दुखणं पटलं की दारूकडे काणाडोळा होतो. मदत दोन्ही एकदम धरल्याशिवाय होत नाही, आणि तसं का, ते शरीरातच लिहिलेलं आहे.

मेंदूत गाबा नावाचं रसायन पेशींना शांत करतं आणि ग्लुटामेट त्यांना चेतवतं. दारू गाबाला जोर देते, ग्लुटामेटला दाबते, शिवाय मेंदूची स्वतःची वेदनाशामकं, म्हणजे एंडॉर्फिनं, मोकळी करते. पहिल्या काही महिन्यांत त्यानं खरंच बरं वाटतं. पण रोज संध्याकाळी हा हल्ला होणार हे मेंदू शिकतो आणि उलट्या दिशेनं तयारी करून ठेवतो. गाबाला मिळणारा प्रतिसाद मंदावतो, ग्लुटामेटची बाजू चढी राहते. सकाळी दारू उतरते, तयारी मात्र तशीच असते. हात थरथरतात, घाम फुटतो, छाती धडधडते आणि वेदना वाहून नेणाऱ्या वाटाही चेतलेल्या राहतात. मणक्यात नवं काहीही बिघडलेलं नसताना पाठ कालच्यापेक्षा जास्त ठणकते. संध्याकाळी घोट घेतला की ती निवते, आणि हेच औषध, अशी त्याची खात्री आणखी पक्की होते. प्रत्यक्षात तो आता पाठीच्या मूळ दुखण्यासोबत दारूनंच वाढवलेल्या दुखण्यावर दारू घेत असतो.

झोपेचंही तेच. दारूनं डोळा लवकर लागतो, पण रात्रीचा उत्तरार्ध तुकड्या-तुकड्यांत जातो, आणि झोप अपुरी झाली की वेदना सोसण्याची ताकद दुसऱ्या दिवशी घटते.

काही दुखणी तर दारूच जन्माला घालते. खूप वर्षं पिणाऱ्यांच्या तळपायांची आग होते, मुंग्या येतात. ब-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, कमी पडणं आणि अल्कोहोलनं नसांना थेट केलेली इजा, ही त्याची दोन कारणं. दुसरं एक दुखणं फार उशिरा ओळखलं जातं. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा खुब्यात बसतो. त्याचा रक्तपुरवठा तुटला की तो आतून मरू लागतो. डॉक्टर याला एव्हीएन म्हणतात. अति दारू आणि स्टेरॉइड ही त्याची दोन मोठी कारणं, आणि रुग्ण पुष्कळदा तिशी-चाळिशीतले असतात. दुखतं जांघेत, कधी गुडघ्यातसुद्धा. मग "नस दबलीय" म्हणून मालिश, पट्टा, हाडवैद्य असं करता करता महिने जातात आणि गोळा चपटा होतो. सुरुवातीच्या काळात साध्या एक्स-रेत हा बिघाड दिसतही नाही, एमआरआय लागतो. मित्र लंगडत असेल, जांघेत दुखतं म्हणत असेल आणि रोज पीत असेल, तर त्याला हाडांच्या डॉक्टरकडे स्वतः घेऊन जा.

आता गोळ्या. इथं मित्राचा उपयोग सगळ्यात जास्त होतो, कारण दुखणारा आणि पिणारा माणूस डॉक्टरला दुखणं सांगतो, पिणं लपवतो. पॅरासिटामॉलचा एक भाग यकृतात विषारी पदार्थात बदलतो. रोजच्या दारूनं हा भाग वाढतो आणि ते विष निकामी करणारा साठा आटतो, म्हणून इतरांना चालणारी मात्रा त्याला घातक ठरू शकते. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसिक्लोफिनॅक या गोळ्या दारूसोबत जठरातून रक्तस्राव घडवू शकतात. काळी, डांबरासारखी शौच झाली तर दवाखान्यात लगेच न्यायचं. ट्रामाडॉल हे तीव्र वेदनाशामक, झोपेच्या गोळ्या आणि नसांच्या दुखण्यावर सर्रास दिलं जाणारं प्रीगाबालिन यांच्या जोडीला दारू आली की श्वास मंदावतो. रात्री झोपलेला माणूस उठत नाही, असं यातूनच घडतं. डॉक्टरसमोर "कधीमधी घेतो" हे उत्तर पुरत नाही, आकडा सांगावा लागतो. १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये ४२.८ टक्के अल्कोहोल धरलं तर शुद्ध अल्कोहोल भरतं सुमारे ६० ग्रॅम, म्हणजे १० ग्रॅमच्या मापानं सहा पेग. मित्राच्या परवानगीनं हा आकडा तुम्ही सांगितलात, तरी डॉक्टरची चिठ्ठी बदलते.

मग दारू आजच बंद करायची? इथं सगळ्यात जास्त जपायला हवं. रोज भरपूर पिणाऱ्यानं एका झटक्यात सोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिटचे झटके येऊ शकतात, आणि दोन ते चार दिवसांत भ्रम, भास, ताप, बेभान होणं. यात जीव जातो. माळ घालणं, देवासमोर शपथ घेणं यातून कित्येकांना खरं बळ मिळालेलं आहे आणि त्याचा मी मनापासून आदर करतो. तरीही रोज पिणाऱ्यानं माळ घालण्याआधी डॉक्टरला भेटावं. दवाखान्यात ठरावीक औषधं हळूहळू उतरत्या मात्रेत देऊन हे दिवस सुखरूप पार पडतात. सोबत थायमिन द्यावं लागतं. उपाशी पिणाऱ्याला थायमिन न देता ग्लुकोजची सलाइन लावली तर मेंदूला इजा होऊ शकते, म्हणून गावच्या दवाखान्यात "अशक्तपणा आलाय, सलाइन लावा" म्हणताना पिण्याचं सांगायला विसरू नका. पाय मोडून किंवा ऑपरेशनसाठी भरती झालेल्या मित्राची दारू आपोआपच बंद पडते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो वॉर्डात बडबडायला लागतो. डॉक्टरला आधी माहीत असेल तर हे टळतं.

"न सांगता दारू सोडवा" अशा जाहिराती भिंतींवर असतात. जेवणात गुपचूप औषध मिसळण्याचा सल्ला नातेवाईकही देतात. ते डायसल्फिराम, म्हणजे दारूशी जमू न देणारं औषध, असेल आणि त्यावर मित्र प्यायला, तर रक्तदाब कोसळून तो मरू शकतो. हे औषध रुग्णाला समजावून, त्याच्या संमतीनं, डॉक्टरच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं. शिवाय त्यानं काहींच्या नसांना इजा होऊन पायांची आग वाढते. आधीच दुखण्यानं पिचलेल्या माणसावर हा दुहेरी अन्याय आहे.

बोलायचं कसं, यावरही संशोधन झालं आहे. १९९९ साली अमेरिकेत उपचाराला नकार देणाऱ्या मद्यपींच्या १३० आप्तांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळ्यांनी मिळून घेरून जाब विचारायचा, ही पद्धत शिकवलेल्या गटात ३० टक्के मद्यपी उपचाराला आले. दुसऱ्या गटाला शिकवलं ते असं: तो शुद्धीवर असताना त्याच्यासोबत छान वेळ घालवा, प्यायला की शांतपणे बाजूला व्हा, पिण्याचे परिणाम त्याच्यावतीनं निस्तरू नका आणि तो स्वतः कंटाळल्याचं बोलेल तेव्हा उपचाराचा पत्ता हाताशी ठेवा. या गटातले ६४ टक्के आले. घेराव घालायला शिकलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी तो प्रसंग घडवलाच नाही, त्यांना तो नको वाटला. आपल्याकडचं खडसावणं, चारचौघांत लाज काढणं, मुलांच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घालणं हे सगळं त्या पहिल्या जातीचं आहे.

सकाळी, तो प्यायलेला नसताना, दुखण्यापासून सुरुवात करा. "पाठ कधी जास्त दुखते? उठल्यावर? घेतल्यावर किती तास बरं राहतं?" हे प्रश्न ऐकून घेण्यासाठी विचारायचे. रात्रीची दारू आणि सकाळचं दुखणं यांतला धागा त्याचा त्याला दिसला, तर तुमच्या दहा भाषणांपेक्षा ते जास्त टिकतं. आणखी एक प्रश्न न टाळता विचारा: "जगावंसं वाटत नाही, असं मनात येतं का?" जुनाट दुखणं आणि दारू एकत्र आली की आत्महत्येचा धोका वाढतो. विचारल्यानं तो विचार मनात रुजत नाही. उत्तर हो असेल तर त्याला एकटं सोडू नका आणि १४४१६ या टेलिमानसच्या मोफत क्रमांकावर दोघांनी मिळून फोन करा.

बोलण्यानं खरंच फरक पडतो का, याचं एक उत्तर गोव्यातून आलं आहे. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, धोकादायक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांवर झालेला अभ्यास २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. काहींशी जास्तीत जास्त चार भेटींत बोलायचं होतं आणि बोलणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण घेतलेली साधी माणसं होती. तीन महिन्यांनी या गटातले ३६ टक्के धोक्याच्या पातळीखाली आले, नेहमीचेच उपचार मिळालेल्या गटातले २६ टक्के. तीव्र व्यसन जडलेले लोक या अभ्यासात नव्हते. त्यांना व्यसनमुक्ती केंद्रच लागतं. पुण्यात १९८६ साली सुरू झालेलं मुक्तांगण महाराष्ट्रातल्या बहुतेकांना ठाऊक आहे, आणि १४४४६ या सरकारी क्रमांकावर जवळचं केंद्र कळतं. केंद्रात नाव नोंदवताना एक प्रश्न जरूर विचारा: त्याच्या दुखण्यावर इथं काय करणार? दारू सुटल्यावरचे पहिले काही आठवडे दुखणं आणि निद्रानाश दोन्ही वाढल्यासारखे वाटतात, आणि दुखणं हे पुन्हा पिण्याचं एक मोठं कारण असतं. फिजिओथेरपी, हळूहळू वाढवलेलं चालणं, नसांच्या दुखण्यावरची योग्य औषधं, खुब्याचं ऑपरेशन, जे लागेल त्याची आखणी त्याच वेळी व्हायला हवी. "आधी दारू सोडून ये, मग पाठीचं बघू," असं सांगणारा डॉक्टर भेटला तर दुसरा शोधा.

पुढे कधीतरी एखाद्या रात्री दुखणं पुन्हा उसळेलच. त्या रात्रीसाठी डॉक्टरनी कुठली गोळी, किती चालेल म्हणून सांगितलंय, शेकायचं कशानं आणि अकरा वाजता फोन कुणाला करायचा, हे बऱ्या दिवशी दोघांनी बसून लिहून ठेवा. तो नाल्ट्रेक्झोनवर असेल तर तेही तुमच्या फोनमध्ये नोंदवा. दारूची ओढ कमी करणारं हे औषध ट्रामाडॉल, मॉर्फिनसारख्या वेदनाशामकांचा परिणाम अडवतं, आणि अपघात होऊन तो दवाखान्यात बेशुद्ध आला तर डॉक्टरला हे सांगायला तिथं कदाचित तुम्हीच असाल.