रंगीत अवरक्त छायाचित्रांचे संस्करण : कोकण किनारपट्टीच्या संदर्भात

दृश्य प्रकाशाच्या तांबड्या टोकापलीकडचा, सुमारे ७०० ते १,१०० नॅनोमीटर (नॅमी.) तरंगलांबीचा प्रकाश कॅमेऱ्यात नोंदवून त्या नोंदीला संगणकावर डोळ्याला दिसणारे रंग देण्याची प्रक्रिया. व्यवहारात तिला ‘इन्फ्रारेड एडिटिंग’ म्हणतात. हा पट्टा उष्णतेचा नव्हे. शरीराची किंवा यंत्राची ऊब दाखवणारे औष्णिक कॅमेरे साधारण ८ ते १४ मायक्रोमीटरच्या पट्ट्यात काम करतात, त्यामुळे त्यांचा विचार येथे केलेला नाही. अवरक्त प्रकाश डोळ्याला दिसत नसल्याने त्याला ‘खरा’ रंग नाही. कोणती नोंद कोणत्या रंगात मांडायची हे संकेताने ठरते आणि संस्करणाचे मुख्य काम तेच होय. छायाचित्राची उजळणी, काटछाट, धार देणे इत्यादी नेहमीच्या क्रिया वाचकाला माहीत आहेत असे धरले आहे.

पूर्वपीठिका : विल्यम हर्शेल यांनी १८०० मध्ये लोलकाने पसरवलेल्या सूर्यप्रकाशात तांबड्यापलीकडे तापमापक ठेवून अवरक्त प्रारणांचे अस्तित्व दाखवले. पहिले अवरक्त छायाचित्र कोणाचे, याचे उत्तर ‘छायाचित्र’ कशाला म्हणायचे यावर अवलंबून आहे. विल्यम ॲबनी यांनी १८८० च्या सुमारास खास तयार केलेल्या संवेदनशील लेपावर सौर वर्णपटाचा अवरक्त भाग टिपला. परंतु ती वर्णपटाची नोंद होती, दृश्याची नव्हे. झाडे पांढरी व आकाश काळे दाखवणारी निसर्गचित्रे रॉबर्ट वुड यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध केली, म्हणून छायाचित्रणाच्या इतिहासात अग्रमान सामान्यतः त्यांना दिला जातो आणि तो योग्यही वाटतो. पाने उजळ दिसण्याच्या या आविष्काराला ‘वुड परिणाम’ हे नाव त्यांच्यावरूनच पडले.

परिणामाचे कारण काय, याविषयीही जुन्या लेखनात घोळ आढळतो. हरितद्रव्य अवरक्तात प्रतिदीप्त होते, म्हणजे शोषलेला प्रकाश अधिक लांब तरंगलांबीत पुन्हा सोडते, म्हणून पाने उजळतात असे स्पष्टीकरण अनेक ठिकाणी दिले गेले. अशी प्रतिदीप्ती असते हे खरे, पण तिचे प्रमाण अत्यल्प असते. हरितद्रव्य ६६० ते ६८० नॅमी. च्या आसपासचा तांबडा प्रकाश जोराने शोषते आणि ७०० च्या पुढे जवळजवळ पारदर्शक होते. मग पानाच्या आतील पेशी व त्यांमधील हवेच्या पोकळ्या यांच्या सीमांवर प्रकाश विखुरतो आणि त्यातील निम्म्याच्या जवळपास परत बाहेर पडतो, हे स्पष्टीकरण अधिक ग्राह्य आहे. साधारण ७०० ते ७५० नॅमी. दरम्यान परावर्तन एकदम चढते त्या भागाला ‘तांबडी कड’ म्हणतात. पुढील सर्व संस्करण या कडेभोवती फिरते.

रंगीत अवरक्त फिल्म दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, बहुधा १९४० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत, कोडॅक कंपनीत सिद्ध झाली. झाडीचा आभास देणारा हिरवा रंग आणि जिवंत झाडी हवाई छायाचित्रात वेगळी ओळखणे हा तिचा हेतू होता. तिच्या तीन थरांपैकी एक हिरव्या, दुसरा तांबड्या व तिसरा अवरक्त प्रकाशाला संवेदनशील असे, आणि तयार चित्रात हे तीन अनुक्रमे निळे, हिरवे व तांबडे दिसत. तिन्ही थर निळ्या प्रकाशालाही प्रतिसाद देत, म्हणून भिंगापुढे पिवळा फिल्टर आवश्यक असे. ‘एक्टाक्रोम इन्फ्रारेड’ व ‘एरोक्रोम’ या नावांनी ही फिल्म पुढे नागरी वापरातही आली. २००७ नंतरच्या काही वर्षांत तिचे उत्पादन टप्प्याटप्प्याने बंद झाले. भारतात हवामानशास्त्रज्ञ पी. आर. पिशारोटी यांच्या नेतृत्वाखाली १९७० च्या सुमारास केरळमधील माडांच्या बागा हेलिकॉप्टरमधून अशा फिल्मवर टिपण्यात आल्या. ‘रूट विल्ट’ रोगाने ग्रासलेले माड हुडकणे हा उद्देश होता. भारतीय दूरसंवेदनाचा (विमान वा उपग्रहातून जमिनीची नोंद घेण्याच्या शास्त्राचा) आरंभ या प्रयोगापासून मानण्याची प्रथा आहे. पश्चिम किनाऱ्यावरील माडाचे आगर या विषयात इतक्या लवकर आले, याची नोंद कोकणच्या संदर्भात घ्यावीशी वाटते.

अंकीय नोंद : कॅमेऱ्यातील सिलिकॉन सेन्सर सुमारे १,१०० नॅमी. पर्यंत संवेदनशील असतो. नेहमीच्या कॅमेऱ्यात त्याच्यापुढे अवरक्त अडवणारी काच बसवलेली असते. ती काढून घेतलेल्या कॅमेऱ्याला ‘कन्व्हर्ट केलेला’ कॅमेरा म्हणतात. सेन्सरवरील तांबडे, हिरवे व निळे सूक्ष्म फिल्टर (बायर रचना, पेटंट १९७६) अवरक्ताला वेगवेगळ्या प्रमाणात वाट देतात. ७०० ते ८०० नॅमी. दरम्यान तांबड्या घटकांची नोंद सर्वाधिक असते, तर ८५० च्या आसपास तिन्ही जवळपास सारखी होतात. म्हणून ८५० नॅमी. फिल्टरने (त्याहून आखूड तरंगलांबीचा प्रकाश अडवणाऱ्या) घेतलेले चित्र कृष्णधवलच राहते आणि त्यात कितीही रंग शोधला तरी सापडत नाही. रंगीत संस्करणासाठी ७२० किंवा त्याहून कमी, म्हणजे ६६५ अथवा ५९० नॅमी. चे फिल्टर वापरतात. शेवटच्या दोहोंतून दृश्य तांबडा व नारिंगी प्रकाशही आत येत असल्याने रंग अधिक भडक मिळतात.

संस्करण : कॅमेऱ्यातून निघालेली कच्ची प्रतिमा संपूर्ण तांबडी असते. पहिली पायरी व्हाइट बॅलन्सची, म्हणजे कोणती वस्तू बिनरंगी धरायची हे ठरवण्याची. त्यासाठी हिरव्या पानांना करडे मानण्याचा संकेत आहे. ॲडोबीच्या कॅमेरा रॉ व लाइटरूम या प्रणालींत तापमानाची पट्टी २,००० केल्विनच्या खाली जात नाही आणि अवरक्त प्रतिमेला तेवढे पुरत नाही. यावर उपाय म्हणून ॲडोबीच्याच डीएनजी प्रोफाइल एडिटर या साधनात तापमान सरकवलेले स्वतंत्र कॅमेरा-प्रोफाइल (कॅमेऱ्याचे रंग कसे वाचायचे हे सांगणारी फाइल) तयार करून ते आधी लावतात. रॉथेरपी व डार्कटेबल या मोफत प्रणालींत रॉ (सेन्सरच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या) नोंदीतील प्रत्येक चॅनलचे, म्हणजे तांबड्या, हिरव्या व निळ्या घटकाचे, गुणक थेट बदलता येतात, त्यामुळे तेथे हा द्राविडी प्राणायाम करावा लागत नाही. जेपेग फाइलवर हे सर्व करू नये. तिच्यात तांबडा चॅनल बहुधा आधीच माथ्याला टेकलेला असतो आणि ८ बिटांच्या नोंदीत निळा चॅनल ताणला की आकाशात पट्टे पडतात.

संतुलनानंतर ७२० नॅमी. च्या चित्रात पाने पांढरट व आकाश तपकिरी-नारिंगी दिसते. आकाशाचा विखुरलेला प्रकाश आखूड तरंगलांबीकडे झुकलेला असतो, म्हणून त्यात ७०० ते ७८० चा वाटा जास्त आणि तांबडा चॅनल वरचढ असतो. पानांचे परावर्तन मात्र तांबड्या कडेपलीकडे वर टिकून राहते. चॅनल मिक्सरमध्ये (चॅनलांचा टक्क्यांतील वाटा ठरवणाऱ्या साधनात) तांबड्या आउटपुटला तांबडा ०, निळा १०० आणि निळ्या आउटपुटला तांबडा १००, निळा ० अशी अदलाबदल केली की आकाश निळे होते. हा निळा रंग हौसेने ओतलेला असतो असा आक्षेप घेतात, तो पूर्ण खरा नाही. जास्त निळे म्हणजे आखूड अवरक्त जास्त, एवढी माहिती त्यात शाबूत असते. पुढे पानांना गुलाबी किंवा सोनेरी छटा देणे ही मात्र निव्वळ आवड.

अदलाबदलीची प्रथा फिल्मकडून आली की उपग्रहचित्रांच्या आभासी वर्णमांडणीतून (न दिसणाऱ्या प्रकाशाला दृश्य रंग देण्याच्या रीतीतून), याची मांडणी दोन्ही बाजूंनी होऊ शकते. पण चॅनल उलटण्याची क्रिया दोन्हींत नाही, दोन्हींत चॅनल एक घर सरकतात. त्यामुळे ती कन्व्हर्ट केलेल्या कॅमेऱ्यांच्या हौशी वापरातून स्वतंत्रपणे रुजली असे मानणे सयुक्तिक ठरते. लॅब रंगपद्धतीत उजळपणाचा एक आणि रंगाचे ए (हिरवा-तांबडा) व बी (निळा-पिवळा) असे चॅनल असतात; त्यांतील ए व बी हे दोन्ही चॅनल उलटवूनही नारिंगीचे निळे करता येते. तेथे उजळपणाचा चॅनल तसाच राहतो. साध्या अदलाबदलीत निळ्याचा दृश्य उजळपणा तांबड्यापेक्षा कमी धरला जात असल्याने आकाश गडद होते. गडद आकाश हवे असेल तर पहिली रीत, ढगांचा पोत जपायचा असेल तर दुसरी.

जुन्या फिल्मचा किरमिजी रंग अंकीय पद्धतीने मिळवणे अधिक नाजूक असते आणि या विषयातील अभ्यासण्याजोगा भाग तोच आहे. कन्व्हर्ट केलेल्या कॅमेऱ्यावर पिवळा फिल्टर लावल्यास निळा प्रकाश अडतो. निळ्या चॅनलमध्ये मग फक्त अवरक्त उरते, हिरव्यात हिरवा व अवरक्त मिळून आणि तांबड्यात तांबडा व अवरक्त मिळून. निळा चॅनल इतर दोन्हींतून वजा केला की तीन स्वच्छ नोंदी मिळतात. त्या अनुक्रमे पुढे सरकवायच्या : अवरक्त तांबड्यात, तांबडा हिरव्यात, हिरवा निळ्यात. समजा, आंब्याच्या पानाची नोंद तांबडा १५०, हिरवा १६५, निळा १४० आहे. वजाबाकीनंतर तांबडा १०, हिरवा २५, अवरक्त १४० उरतात आणि पान गडद किरमिजी होते. शेजारी ओढून ठेवलेल्या होडीच्या हिरव्या रंगाची नोंद ६०, १३०, ४० असेल, तर तांबडा २०, हिरवा ९०, अवरक्त ४० मिळून होडी निळी दिसते. डोळ्याला दोन्ही हिरवीच. युद्धकाळातील फिल्म हेच काम रसायनाने करीत असे.

येथे १:१ वजाबाकी सोयीसाठी धरली आहे. प्रत्यक्षात गुणक सेन्सरनुसार बदलतात आणि चाचणीने ठरवावे लागतात. शिवाय ही वजाबाकी प्रकाशाच्या सरळ प्रमाणातील मूल्यांवरच अर्थपूर्ण आहे. फोटोशॉपचा चॅनल मिक्सर ८ वा १६ बिटांच्या नेहमीच्या प्रतिमेत गॅमा लावलेल्या (डोळ्याला सोयीच्या व्हाव्यात म्हणून सावल्या उजळवलेल्या) मूल्यांवर चालतो, त्यामुळे सावल्या चुकतात. गिम्पमध्ये २०१८ च्या २.१० आवृत्तीपासून ३२ बिट ‘लिनियर लाइट’ निवडता येते, तेथे ही अडचण येत नाही. वजाबाकीने संकेत घटतो पण गोंगाट घटत नाही, म्हणून कमी आयएसओची रॉ फाइल घ्यावी. एकाच जागेवरून दृश्य व अवरक्त अशी दोन छायाचित्रे घेऊन ती जोडण्याचाही मार्ग आहे. किनाऱ्यावर तो फारसा उपयोगी नाही. दोन टिपणांच्या मध्ये माडाच्या झावळ्या हलतात आणि प्रत्येक पात्याला रंगीत कड येते.

कोकणातील विशेष : पावसाळ्यानंतर कोकणात आगर, बाग, खाजण (खाडीकाठची खारट पाणथळ जमीन) आणि डोंगर सारेच हिरवे असते. डोळ्याला एकजिनसी वाटणारी ही हिरवाई अवरक्तात फुटून वेगळी होते. खारफुटीच्या खाली ओला चिखल असल्याने ती माड-पोफळीपेक्षा गडद उमटते. सुरूच्या बनात पानांऐवजी सुईसारख्या फांद्या व त्यांमधील सावल्या असल्याने तेही मंद दिसते. सड्यांवरचे (जांभ्याच्या सपाट पठारांवरचे) गवत ऑक्टोबरनंतर वाळू लागते. त्याची तांबडी कड ढासळते आणि चित्रात ते पानांपासून निराळे होते. या कारणाने हिवाळ्यात व्हाइट बॅलन्ससाठी सड्यावरचे गवत धरू नये. माडाची झावळीही नको, कारण तिच्या चकाकीत पानाऐवजी आकाशच परावर्तित होते. आंब्याचा घेर, किंवा सप्टेंबरात भाताचे खाचर, हे संदर्भ अधिक भरवशाचे.

जांभा दगडाचा प्रश्न मात्र संस्करण करणाऱ्याला छळतो. जांभ्यातील लोहाच्या ऑक्साइडांचे शोषण ८६० ते ९३० नॅमी. च्या आसपास असल्याने त्याचे परावर्तन पानांच्या तुलनेत आखूड अवरक्ताकडे झुकते. परिणामी अदलाबदलीनंतर चिऱ्याच्या भिंती, गडगे (दगडी कुंपणे) व पाखाड्या (दगडी पायवाटा) यांना आकाशासारखीच निळसर झाक येते. आकाशाचा निळा कमी-जास्त केला की गावातली घरेही बदलतात. ह्यू-सॅच्युरेशनने (रंगाची छटा व तीव्रता बदलण्याच्या साधनाने) हे सुटत नाही, आकाशाला वेगळा लेयर मास्क (बदल ठरावीक भागापुरता ठेवणारा थर) लागतो. रत्नागिरी परिसरातील कातळशिल्पे (जागतिक वारसा स्थळांच्या तात्पुरत्या यादीत २०२२ पासून) टिपताना याच गुणाचा फायदाही होतो. कोरीव रेषांत शेवाळ किंवा गवत धरले असल्यास त्या निळसर कातळावर पांढऱ्या उठतात.

अवरक्तात आकाश काळेभोर येते हे विधान कोरड्या हवेला लागू आहे. हवेच्या रेणूंकडून होणारे विकिरण तरंगलांबीच्या चौथ्या घाताने घटते, पण खारट बाष्पाचे कण मोठे असतात आणि ते सर्व तरंगलांबी जवळपास सारख्याच विखुरतात. त्यामुळे मे महिन्यात किनाऱ्यावर क्षितिजालगतचे आकाश अवरक्तातही पांढुरके राहते. पाऊस उघडून हवा धुतली गेल्यानंतरचे दिवस त्यातल्या त्यात बरे. पाण्याचेही तसेच : सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र काळा येतो, पण पावसाळ्यात गाळाने भरलेली वाशिष्ठी किंवा सावित्री नदी काळी येत नाही, कारण गाळ अवरक्त परतवतो.

काही भिंगांत चित्राच्या मध्यभागी उजळ डाग पडतो. तो भिंगातील अंतर्गत परावर्तनाचा असून छिद्र लहान केल्यास वाढतो. संस्करणात तो गोल ग्रेडियंटने झाकता येतो, पण त्याचा रंगही वेगळा असल्याने नुसता उजळपणा कमी करून भागत नाही.

नामनिर्देश : चित्राखाली फिल्टरची तरंगलांबी व चॅनलचा क्रम लिहिण्याचा प्रघात पाळावा. आयआरएस-१ए हा भारतीय दूरसंवेदन उपग्रह (१९८८) आणि त्याच्या मालिकेतील पुढील उपग्रहांच्या प्रतिमांत वनस्पती तांबड्या दाखवण्याची रीत आहे आणि किनाऱ्यावरील खारफुटीचे नकाशे त्याच रीतीने वाचले जातात. अदलाबदल केलेल्या ७२० नॅमी. च्या चित्रात तांबड्याला तो अर्थ नसतो, तेथे वनस्पती पांढरी असते. पिवळ्या फिल्टरच्या वजाबाकीने तयार केलेले चित्र उपग्रहीय मांडणीशी क्रमाने जुळते, म्हणून झाडीच्या अभ्यासासाठी छायाचित्र घ्यायचे असल्यास ती पद्धत श्रेयस्कर समजावी.