गोळीचं नाक

सिनेमात गोळी लागली की धिप्पाड जनावर उचलून मागे फेकलं जातं. हे खरं असतं तर बंदूक चालवणाराही त्याच क्षणी तितक्याच जोराने मागे उडाला असता, कारण न्यूटनच्या तिसऱ्या नियमातून कुणाचीच सुटका नाही. आकडे घालून पाहू. .४५८ विंचेस्टर मॅग्नम (आकडा गोळीच्या इंचातल्या व्यासाचा) हे १९५६ साली आलेलं काडतूस हत्ती आणि आफ्रिकी रानरेड्यासाठीच घडवलेलं. त्याची नेहमीची गोळी ५०० ग्रेनची, म्हणजे ३२.४ ग्रॅमची. (एक ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम. बंदुकीच्या जगात हे जुनं माप अजून टिकून आहे.) नळीतून बाहेर पडताना तिचा वेग सेकंदाला सुमारे ६५० मीटर. वस्तुमान गुणिले वेग केलं की संवेग येतो २१ किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद. ७०० किलोच्या रेड्याला हा सगळा संवेग दिला, तर रेडा सरकेल सेकंदाला ३ सेंटिमीटर वेगाने. घाईतली मुंगी याहून फार मागे नसते.

मग जड गोळीचा उपयोग काय? ती जनावराला ढकलत नाही, त्याच्या आत खोल जाते. मोठं जनावर कोसळतं ते मेंदू किंवा मज्जारज्जू तुटल्यामुळे, नाहीतर रक्तस्राव होऊन मेंदूचा ऑक्सिजन संपल्यामुळे. हृदय फुटलं तरी मेंदूत दहा-पंधरा सेकंदांचा साठा शिल्लक असतो, आणि तेवढ्या वेळात रानरेडा शंभर-दीडशे मीटर सहज धावतो. कधी कधी शिकाऱ्याच्याच दिशेने. म्हणून निवड करताना प्रश्न एकच विचारायचा: चामडं, खांद्याचं हाड आणि पोटातला ओला चारा भेदून ही गोळी सरळ रेषेत किती खोल जाईल?

‘नॉकडाउन’च्या, म्हणजे जनावर जागीच पाडण्याच्या, नावाने एक जुनं सूत्र आजही फिरतं. आफ्रिकेतला हस्तिदंत-शिकारी जॉन टेलर याचं हे सूत्र: ग्रेनमधलं वजन, फूट प्रतिसेकंद वेग आणि इंचातला व्यास यांचा गुणाकार करून ७,००० ने भागायचं. .४५८ ला यात साधारण ७० गुण मिळतात. आता हेच सूत्र क्रिकेटच्या चेंडूला लावा. वजन १५६ ग्रॅम, व्यास ७.२ सेंटिमीटर, वेग ताशी १४४ किलोमीटर. उत्तर येतं सुमारे १२८! सूत्राच्या मते वेगवान गोलंदाज हा हत्तीच्या बंदुकीपेक्षा भारी. या आकड्यात गोळी कशाची बनली आहे आणि तिचं नाक कसं आहे, याला जागाच नाही. खरी गंमत नेमकी तिथेच आहे.

मांस हे बहुतांशी पाणी. त्याची घनता हवेच्या साडेआठशे पट. सेकंदाला ६०० मीटर वेगाची गोळी त्यात शिरते तेव्हा नाकावरचा दाब अर्धा गुणिले घनता गुणिले वेगाचा वर्ग या हिशेबाने १९० मेगापास्कलच्या आसपास जातो, म्हणजे वातावरणाच्या सुमारे १,९०० पट. शुद्ध मऊ शिसं याच्या दहाव्या हिश्शालाच हार मानतं. म्हणून नाकाशी शिसं उघडं ठेवलेली गोळी, शिकाऱ्यांच्या भाषेत ‘सॉफ्ट’, मांसात लोण्यासारखी पसरते आणि तिची छत्री होते. सूत्रात वेगाचा वर्ग आहे, त्यामुळे वेग निम्म्यावर आला की दाब चौथाईवर येतो आणि पसरणं थांबतं. यातून एक उलटं वाटणारं सत्य निघतं. तीच सॉफ्ट गोळी जास्त वेगाने मारली तर ती अधिक रुंद पसरते आणि बरेचदा कमी खोल जाते.

किती कमी? ५०० ग्रेनची गोळी पसरून २३ मिलिमीटरची झाली, म्हणजे दुप्पट रुंद, तर मांसात दर १२-१३ सेंटिमीटरला तिचा वेग निम्मा होतो. तीच गोळी न पसरणारी, म्हणजे ‘सॉलिड’, असेल आणि नाकाचा सपाट भाग व्यासाच्या दोन-तृतीयांश असेल, तर वेग निम्मा व्हायला सुमारे १.१ मीटर लागतात. वजन तेच, बंदूक तीच, फरक जवळपास नऊपट. वाटेत हाड लागलं किंवा वेग फार उतरला की हे गणित मोडतं, पण फरकाचा अंदाज येण्यापुरतं ते पुरेसं आहे.

नाक सपाट का, हा खरा मुद्दा. टोकदार नाक खोल जाईल, असं कुणालाही वाटेल. हवेत गोळीला सरळ ठेवतो तो तिचा फिरका. नळीतले आटे (आतल्या पिळदार खाचा) १४ इंचांत एक फेरा देत असतील, तर ६५० मीटर वेगाची गोळी सेकंदाला सुमारे १,८०० वेळा स्वतःभोवती फिरते. पण फिरक्यातून मिळणारं स्थैर्य माध्यमाच्या घनतेच्या व्यस्त प्रमाणात घटतं. हवेत ते पुरून उरतं, मांसात साडेआठशे पटीने उणं पडतं. तिथे गोळीला सावरणारं दुसरं काहीतरी हवं.

ते सावरणारं म्हणजे पोकळी. सपाट नाकाची कड धारदार असते. मांसातला द्रव त्या कडेवरून बाहेर फेकला जातो आणि गोळीच्या अंगाला पुन्हा चिकटत नाही. गोळीभोवती वाफेची आणि रिकामी अशी पोकळी तयार होते आणि द्रवाला फक्त नाक लागतं. आता गोळी जराशी कलली असं समजा. द्रवाचा दाब पृष्ठभागाशी नेहमी काटकोनात असतो. सपाट नाकावर त्याची दिशा गोळीच्या अक्षावरूनच, गुरुत्वमध्याच्या रोखाने जाते. त्यामुळे गोळीला उलथवणारी तरफच उरत नाही. कल वाढलाच तर गोळीची शेपटी पोकळीच्या भिंतीला घासते आणि भिंत तिला परत आत ढकलते. गोल किंवा टोकदार नाकाचं तसं नाही. कललं की त्याचा एक गाल दुसऱ्यापेक्षा जास्त भिजतो, त्या गालावरचा दाब आडवा ढकलतो, आणि गुरुत्वमध्य मागे असल्याने हा रेटा कल आणखी वाढवतो. टोकदार गोळी मांसात उलटी फिरते ती यामुळेच. गोल नाकाचे जुने सॉलिड बरेच अंतर सरळ जातात, पण शेवटच्या टप्प्यात वळतात. सोव्हिएत नौदलाचा १९७७ सालचा श्क्वाल हा टॉर्पेडो याच तत्त्वावर, नाकावरच्या चकतीने केलेल्या पोकळीतून, पाण्यात २०० नॉटहून (ताशी सुमारे ३७० किलोमीटरहून) जास्त वेगाने जातो.

सपाटपणालाही प्रमाण आहे. व्यासाच्या ६५ ते ७० टक्के सपाट भाग चांगला. फार कमी ठेवला तर पोकळी अरुंद होऊन गोळीच्या अंगाला चाटते. फार जास्त ठेवला तर खोली घटते आणि मॅगझिनमधून (रायफलीतल्या काडतुसांच्या कप्प्यातून) नळीत चढताना गोळी अडते. म्हणून नवी गोळी घेतली की निरुपद्रवी डमी काडतुसांनी मॅगझिन पूर्ण भरून बोल्ट (काडतूस नळीत ढकलणारा दांडा) जलद आणि जोरात मागेपुढे करून पाहावा. हळूहळू केलं तर सगळंच नीट चढतं.

आता वजन. पाकिटावर ‘सेक्शनल डेन्सिटी’ छापलेली असते: पौंडातलं वजन भागिले इंचातल्या व्यासाचा वर्ग. .४५८ च्या ५०० ग्रेनला ती ०.३४१, १९१२ च्या .३७५ हॉलंड अँड हॉलंड या काडतुसाच्या ३०० ग्रेनला ०.३०५. जाड कातडीच्या जनावरासाठी ०.३०० च्या वरची गोळी घ्यावी, असा जुना संकेत आहे. पण हा आकडा गोळी लागण्याआधीचा. गोळी दुप्पट रुंद झाली की ०.३४१ चे एका झटक्यात ०.०८५ होतात. वजन ही फक्त शिल्लक, ती खर्च कशी होणार ते बांधणी ठरवते. साध्या गोळीत तांब्याच्या पातळ कवचात शिसं नुसतं भरलेलं असतं, हाडावर आपटून कवच आणि शिसं वेगळे होऊ शकतात. बॉन्डेड गोळीत ते कवचाला जोडलेलं असतं. पार्टिशन गोळीत मधे तांब्याचा आडवा पडदा असतो: पुढचा भाग पसरतो, मागचा तसाच आत जातो. १९४६ साली चिखलाने माखलेल्या मूस या मोठ्या हरणाच्या खांद्यावर साध्या गोळ्या फुटल्या, त्यावरून जॉन नॉस्लरने ती घडवली. संपूर्ण तांब्याची गोळी तुकडे न होता पाकळ्यांसारखी उघडते, पण वेग फार कमी पडला तर उघडतच नाही. तांब्याची घनता ८.९६, शिशाची ११.३४. म्हणून त्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते, काडतुसातली दारूची जागा खाते आणि जास्त फिरका मागते. .४५८ मध्ये तांब्याची ४५० ग्रेन घेणं बरेचदा शहाणपणाचं ठरतं. शिवाय या काडतुसात दारू आधीच दाबून भरावी लागायची, आणि तिचे गठ्ठे होऊन वेग घसरल्याच्या तक्रारी सुरुवातीच्या काळात गाजल्या होत्या.

कोणत्या जनावराला काय? हत्ती आणि पाणघोड्याला फक्त सॉलिड, कारण हत्तीच्या कवटीचा वरचा भाग हवेच्या पोकळ्यांनी भरलेला आणि मेंदू खूप मागे असतो. रानरेड्याला पहिली गोळी बॉन्डेड सॉफ्ट किंवा उघडणारी तांब्याची, पुढच्या सॉलिड. कळपात पहिली गोळी सॉलिड मारली तर ती आरपार जाऊन मागच्या जनावराला जखमी करते. सिंहाची कातडी पातळ, त्याला रेड्यासाठीची कठीण गोळी वाया जाते, चटकन उघडणारी .३७५ ची सॉफ्ट बरी. कायदाही पाहायला हवा. नामिबियात हत्ती-रेड्यासाठी नळीच्या तोंडाशी किमान ५,४०० ज्यूल लागतात. .३७५ साधारण ५,७०० ज्यूल देते, म्हणजे बसते, पण फार मोकळी नाही.

धक्क्याचा हिशेब मात्र टाळता येत नाही. साडेचार किलोच्या रायफलीतून .४५८ मारली की खांद्यावर सुमारे ८० ज्यूल येतात, .३०-०६ या नेहमीच्या शिकारी काडतुसाच्या जवळपास तिप्पट. डोळे मिटून, खांदा चोरून मारलेली ५०० ग्रेन पोटात लागते, नेमकी मारलेली ३०० ग्रेन हृदयात. आधी .३७५ वर हात बसवणं हाच व्यवहार.

हाच धक्का मॅगझिनमध्ये वेगळा उपद्व्याप करतो. एक बार उडाला की खाली थांबलेल्या काडतुसांच्या गोळ्या मॅगझिनच्या पुढच्या भिंतीवर आपटतात आणि काडतुसात मागे सरकतात. आतली जागा कमी झाली की दाब वाढतो. म्हणून गोळीच्या कमरेला कोरलेली खाच आणि काडतुसाचं तोंड त्या खाचेत घट्ट मुडपलेलं असणं आवश्यक. दोन-तीन बार झाल्यावर शेवटचं काडतूस बाहेर काढून त्याची लांबी कॅलिपरने (बारीक मापाच्या उपकरणाने) मोजावी. मूळ लांबीपेक्षा कमी भरली, तर ते पुन्हा नळीत घालू नये.