ट्रकची बॅटरी : बदलण्याची वेळ आणि निवड

डिझेल इंजिन फिरवण्यासाठी स्टार्टरला लागणारा मोठा प्रवाह काही सेकंदांत पुरवणारी बॅटरी. ती बहुधा शिसे-आम्ल प्रकारची असते. हा प्रकार गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये तयार केला. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात. अनेक जड ट्रकांत अशा दोन बॅटऱ्या एकसर जोडून २४ व्होल्ट मिळवतात.

बॅटरी दगा देते थंडीच्या सकाळी, पण तिची झीज बरीचशी उन्हाळ्यात झालेली असते. उष्णतेने प्लेटांच्या आतल्या जाळ्या गंजतात, आम्लातले पाणी उडते. अर्धवट चार्ज राहिलेल्या प्लेटांवर शिशाच्या सल्फेटाचे कठीण थर बसतात आणि हादऱ्यांनी प्लेटांवरचा लेप झडून तळाशी साचतो.

निव्वळ वयावरून बॅटरी बाद करू नये, आणि निव्वळ व्होल्टमीटरवरही भिस्त ठेवू नये. काही तास स्वस्थ ठेवलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते आणि सेल्फ मारताच बसते, हे नेहमीचेच. खरी परीक्षा भाराखाली. पूर्ण चार्ज केलेल्या बॅटरीवर तिच्या सीसीएच्या (कोल्ड क्रँकिंग अँपिअर, म्हणजे थंडीत इंजिन फिरवायला ती देऊ शकते तो प्रवाह) निम्मा भार १५ सेकंद द्यायचा. साधारण २१° से. तापमानाला दाब ९.६ व्होल्टच्या खाली गेला, तर ती बदलावी. झाकणे उघडणारी असेल तर आम्लाची घनता मोजणारा हायड्रोमीटर अधिक बोलका : पाच सेलांत त्याचा तरंगता १.२६५ ला स्थिर आणि सहाव्यात १.१५० पर्यंत बुडालेला दिसला, की तो सेल गेला. फुगलेली वा तडकलेली पेटी असेल, तर चाचणीची गरजच नाही. मात्र बॅटरीला दोष देण्याआधी टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी खरवडावी आणि बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर तपासावा. इंजिन चालू असता २४ व्होल्टच्या यंत्रणेत सुमारे २८ व्होल्ट दिसायला हवेत. हे न केल्याने चांगल्या बॅटऱ्याही भंगारात जातात.

एकच बॅटरी गेली तरी जोडी बदलावी. एकसर जोडणीत दोघींतून प्रवाह सारखाच जातो, पण चार्जिंगचा दाब सारखा वाटला जात नाही. एक जास्त चार्ज होऊन पाणी उडवते, दुसरी उपाशी राहून सल्फेट धरते. जुनीच्या संगतीने नवीही लवकर संपते.

निवडताना सीसीए आधी पाहावा : −१८° से. ला ३० सेकंद, दाब ७.२ व्होल्टखाली न जाता बॅटरी देऊ शकते तो प्रवाह. इंजिन उत्पादकाने सांगितल्यापेक्षा तो कमी नको. चालक केबिनमध्ये झोपत असेल, पंखा, फ्रिज रात्रभर चालत असेल, तर राखीव क्षमता (२५ अँपिअर भारावर टिकणारी मिनिटे) तितकीच महत्त्वाची. अशा वेळी एजीएम बॅटरी सोयीची. काचतंतूंच्या चटईत आम्ल शोषलेले असल्याने ती हादरे सोसते आणि सांडत नाही. महाग असते, आणि चार्जिंगचा दाब तिला मानवणारा हवा. पेटीचे माप, टर्मिनलांची बाजू, आवळपट्टी हे जुन्याशी जुळवून घ्यावे, आणि उत्पादनाची तारीख वाचावी : महिनोन्‌महिने न चार्ज करता फळीवर पडून राहिलेल्या ‘नव्या’ बॅटरीतही सल्फेट धरलेले असते.