कॉइल व्हाइन, लॅपटॉपमधील

लॅपटॉपच्या प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या मंडलातील घटक कंप पावल्याने येणारा बारीक, तीक्ष्ण आवाज. याला ‘प्रोसेसरचा आवाज’ म्हणतात, पण चिप स्वतः वाजत नाही. आवाज तिच्याभोवतीच्या व्होल्टेज रेग्युलेटरचा असतो.

बॅटरीकडून किंवा चार्जरकडून येणारे व्होल्टेज हा रेग्युलेटर सुमारे एक व्होल्टपर्यंत उतरवतो. त्यासाठी तो प्रवाह सेकंदाला काही लाख वेळा चालू-बंद करतो. माणसाला ऐकू येते ते फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत. त्यामुळे हे स्विचिंग थेट ऐकू येत नाही. ऐकू येतात ते प्रोसेसरच्या मागणीतले चढउतार. काम नसले की प्रोसेसर सी-३, सी-४, सी-६ अशा खोल विश्रांतीच्या अवस्थांत जातो आणि टायमरची हाक येताच जागा होतो. हाक सेकंदाला १,००० वेळा येत असेल, तर प्रवाहाचे धक्केही १,००० हर्ट्झने बसतात आणि त्यांच्या पटीतले उंच स्वर सोबत उमटतात. लिनक्सच्या २.६ मालिकेत सुरुवातीला टायमरचा दर सेकंदाला १००० होता. २.६.१३ (२००५) पासून मूळ निवड २५० झाली आणि २.६.२१ (२००७) मध्ये निष्क्रिय प्रोसेसरला विनाकारण न उठवण्याची सोय आली. हलक्या भारावर रेग्युलेटर स्वतःच काही स्पंद गाळतो. त्यामुळेही वारंवारता श्रवणकक्षेत उतरते.

नेमके काय कंप पावते, याविषयी मतभेद आहेत. प्रचलित नाव कॉइलला दोष देते. कॉइलच्या बाजूने दोन कारणे मांडली जातात: तारेच्या वेढ्यांवर चुंबकीय क्षेत्रात येणारे बल आणि गाभ्याचे चुंबकीय आकारांतर. या दुसऱ्या परिणामाचा शोध जेम्स जूल यांनी १८४० च्या दशकात लोखंडावर लावला. रस्त्यावरच्या रोहित्राची घरघर मुख्यतः याच परिणामाची असते. मात्र अलीकडच्या लॅपटॉपमधील बहुतेक कॉइली धातूच्या भुकटीत दाबून बसवलेल्या असतात आणि त्यांचे वेढे सहसा सैल नसतात. दुसरा पक्ष बहुस्तरीय सिरॅमिक कपॅसिटरकडे बोट दाखवतो. त्यातील बेरियम टिटॅनेट व्होल्टेजसरशी आकुंचन-प्रसरण पावते. कपॅसिटरची स्वतःची हालचाल अत्यल्प असते. पण दोन्ही टोकांना डाख दिल्यामुळे तो मदरबोर्डला वाकवतो आणि पातळ, रुंद बोर्ड ध्वनिफलकासारखा वाजतो. पातळ लॅपटॉपच्या बाबतीत हे स्पष्टीकरण अधिक पटण्याजोगे वाटते. ताकदीच्या ग्राफिक्स कार्डांत मात्र कॉइलचा वाटा मोठा असावा.

२००६ च्या सुमारास, इंटेल कोअर ड्युओ आल्यावर, या तक्रारी ठळकपणे पुढे आल्या. थिंकपॅड आणि पहिल्या मॅकबुक प्रो यंत्रांच्या वापरकर्त्यांनी त्या मांडल्या. मॅकबुकवर फोटो बूथ उघडून कॅमेरा चालू केला की शीळ थांबते, हे तेव्हा पुष्कळांना ठाऊक झाले होते. कॅमेरा चालू असताना प्रोसेसर खोल विश्रांतीत जात नाही, हे त्यामागचे कारण.

निदानाची सुरुवातही इथूनच करणे योग्य. प्रोसेसरवर सतत भार देणारा एखादा प्रोग्रॅम चालवावा. आवाज लगेच थांबला, तर कारण विश्रांतीच्या अवस्थांत आहे. भाराबरोबर तो वाढला, आणि विशेषतः गेम चालू असताना वाढला, तर ग्राफिक्सचा वीजपुरवठा तपासावा. पंख्याचा आवाज वेगाबरोबर हळूहळू चढतो. ही शीळ माउस हलवताच, पान सरकवताच बदलते. चार्जर काढून पाहावा, कारण कधी तो स्वतःच वाजतो. स्क्रीनचा उजेड कमी-जास्त केल्यावर स्वर बदलला, तर रोख बॅकलाइटकडे. वयानुसार उंच स्वर ऐकू येईनासे होतात. तेव्हा घरातल्या लहानांना ऐकू येणारा आवाज मोठ्यांनी नाकारू नये.

उपायांत पहिला म्हणजे बायोसमधून (यंत्र सुरू होतानाच्या मूळ सेटिंगांतून) किंवा लिनक्स कर्नलच्या पर्यायातून सी-अवस्थांवर (वरच्या सी-३, सी-६ वगैरे विश्रांतीच्या अवस्थांवर) मर्यादा घालणे. शीळ बहुधा जाते, पण बॅटरी लवकर उतरते आणि यंत्र तापते. म्हणून एकदम सर्व अवस्था बंद न करता सर्वांत खोल अवस्थेपासून एकेक बंद करत जावे. गेममध्ये फ्रेमदर (सेकंदाला दाखवल्या जाणाऱ्या चित्रांची संख्या) बांधून घेतल्याने फरक पडतो. कारखान्यात कपॅसिटर बोर्डाच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवतात किंवा जागोजागी पॉलिमर टँटलम प्रकारचे कपॅसिटर वापरतात. घरी इपॉक्सी ओतणे टाळावे: वॉरंटी जाते, पुढची दुरुस्ती अवघड होते. एरवी या आवाजाने यंत्राला अपाय होत नाही.

गुप्ततेच्या दृष्टीने मात्र तो अगदी निरुपद्रवी नाही. डॅनिएल जेनकिन, आदी शमीर आणि एरान ट्रोमर या संशोधकांनी डिसेंबर २०१३ मध्ये दाखवले, की लॅपटॉपपासून ३० सेंटीमीटरवर ठेवलेल्या मोबाइलने हा आवाज टिपून जीएनयूपीजी या संदेश गुप्त करणाऱ्या प्रोग्रॅमची ४,०९६ बिटांची आरएसए किल्ली (गुप्त संदेश उलगडणारा मोठा आकडा) सुमारे तासाभरात काढता येते. अधिक संवेदनशील मायक्रोफोनने हे अंतर चार मीटरपर्यंत गेले. त्याच महिन्यातल्या जीएनयूपीजी १.४.१६ आवृत्तीत यावर तोड केली गेली.