जीआयपी आणि जीएलपी-१: आतड्यातली दोन हार्मोन्स, इतकी सारखी आणि इतकी वेगळी

ग्लुकोज तोंडावाटे दिलं की स्वादुपिंड भरपूर इन्सुलिन सोडतं. तेच शिरेतून दिलं, आणि रक्तातली साखर अगदी तेवढीच चढवली, तरी इन्सुलिन बरंच कमी येतं. १९६०च्या दशकात हे प्रयोगांतून दिसलं आणि संशयाची सुई आतड्याकडे वळली. या फरकाला इन्क्रेटिन परिणाम म्हणतात आणि तो दोन हार्मोन्स घडवून आणतात. वजनाच्या इंजेक्शनांमुळे जीएलपी-१ आज सगळ्यांच्या तोंडी आहे. जीआयपीला मात्र अनेकजण त्याचीच सौम्य आवृत्ती समजतात. तसं ते नाही.

गोंधळ होणं साहजिक आहे म्हणा. दोन्ही जेवणानंतर स्रवतात, दोन्ही स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींवर काम करतात, साखर चढलेली असेल तेव्हाच इन्सुलिन वाढवतात आणि दोघांनाही डीपीपी-४ हे एकच एन्झाइम निकामी करतं. जीएलपी-१चं अर्धायुष्य, म्हणजे रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला लागणारा वेळ, जेमतेम दोन मिनिटांचं. म्हणून प्रयोगशाळेत रक्त घेण्याआधीच नळीत डीपीपी-४ रोखणारं रसायन घातलेलं असतं, नळी लगेच बर्फात जाते आणि प्लाझ्माही थंड सेंट्रिफ्यूजमध्येच वेगळा करतात. यात ढिलाई झाली तर सक्रिय हार्मोनचा आकडा खोटा येतो. शोधनिबंध वाचताना आकडा 'एकूण' जीएलपी-१चा आहे की 'सक्रिय'चा, हे आधी बघावं. आतड्यानं किती सोडलं याचा अंदाज पहिल्यावरून येतो, रक्तात शाबूत किती उरलं ते दुसऱ्यावरून कळतं. या दोन आकड्यांची सरमिसळ फार होते.

आता फरक. जीआयपी मुख्यतः लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातल्या के पेशी बनवतात. जीएलपी-१ बनवणाऱ्या एल पेशी खाली, लहान आतड्याचा शेवट आणि मोठं आतडं इथे जास्त. गॅस्ट्रिक बायपास या वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर अन्न झपाट्यानं खाली पोचतं आणि जेवणानंतरचं जीएलपी-१ कित्येक पटींनी उसळतं, ते यामुळेच. जीएलपी-१ ग्लुकागॉन हे साखर वाढवणारं हार्मोन दाबतं, जठर रिकामं व्हायचा वेग कमी करतं, भूक मरते तीही त्याच्यामुळे. जीआयपी जठराचा वेग फारसा बदलत नाही आणि साखर कमी असताना ग्लुकागॉन उलट वाढवतं. चरबीच्या पेशींवरही त्याचे रिसेप्टर, म्हणजे हार्मोन जिथे जाऊन चिकटतं ती प्रथिनं, असतात.

औषधांची दिशा ठरली ती मात्र मधुमेहातल्या फरकानं. टाइप २ मधुमेहाच्या रुग्णांत जीएलपी-१ टोचलं तर इन्सुलिन बऱ्यापैकी वाढतं, जीआयपीला मात्र बीटा पेशी जवळजवळ दादच देत नाहीत. १९९३ साली मायकेल नाऊक आणि सहकाऱ्यांनी हे दाखवलं, आणि जीआयपी बराच काळ अडगळीत पडलं.

त्यातच २००२ साली क्योटो विद्यापीठातल्या गटानं जीआयपीचा रिसेप्टर नसलेले उंदीर चरबीयुक्त खाद्यावरही लठ्ठ होत नाहीत असं दाखवलं. म्हणजे जीआयपी अडवायलाच हवं, नाही का? पण २०२२ साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं टिर्झेपटाइड हे औषध दोन्ही रिसेप्टर चेतवतं आणि वजन चांगलंच उतरवतं. दुसरीकडे, जीआयपीचा रिसेप्टर अडवून जीएलपी-१चा चेतवणाऱ्या औषधानंही चाचण्यांत वजन घटलं आहे. उलट्या दिशांनी जाऊन एकच फळ कसं, यावर वाद चालू आहे. एक मत असं की सतत चेतवलेला रिसेप्टर पेशीच्या आत ओढला जातो, म्हणजे शेवटी अडवल्यासारखाच होतो. दुसऱ्या मतानुसार जीआयपी मेंदूतल्या वेगळ्या पेशींमार्फत भूक कमी करतं, त्यामुळे टिर्झेपटाइडची चेतना खरीच कामी येते.